शपथ मराठीत होती

मायच्या गडद हिरव्या झंपरावर, डाव्या बाजूला, ज्वारीच्या पिठाची बोटं उमटलेली असायची. पांढरी, ठसठशीत, करंगळीपासून अंगठ्यापर्यंत एकेक वेगळं ओळखू येणारी... भाकरी थापता थापता तिचा उजवा हात मध्येच काटवटीतून उठायचा, पदराखाली शिरायचा, तिथं जरा वेळ दाबून धरल्यासारखा थांबायचा आणि मग काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा पिठावर यायचा. तोवर तव्यावरची भाकरी करपायची. त्या करपल्या भाकरीचा कडवट-गोड वास, चुलीत कडकड फुटणाऱ्या तुराट्यांचा धूर, आणि धुराआडून दिसणारी ती पिठाची बोटं — बालपण आठव म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर आधी हे येतं, मग बाकी सगळं.

घाबरू नका, माय आहे. मी हे लिहिते आहे तेव्हा लातूरच्या आमच्या घरी, बाहेरच्या खोलीत बसून ती लसूण सोलते आहे आणि मधूनमधून, "येवढं काय लिव्हायलीस गं, इलेक्शनला उभी राहायलीस का?" म्हणून टोमणे मारते आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. लोक अशा गोष्टी सांगताना ऐकणाऱ्याचा जीव शेवटपर्यंत टांगून ठेवतात. मला ते जमत नाही. ज्या पोरीचा जीव एकदा पुरता टांगला गेला होता, तिला दुसऱ्याचा टांगायची हौस राहत नाही.

लातूरजवळच्या मुरुडला बाजाराच्या रस्त्यावर आमचं घर होतं. पुढे अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं शिवणकामाचं दुकान, मागे दोन खोल्या आणि न्हाणी. दुकान आणि घर यांच्या मध्ये जुन्या साडीचा पडदा. पडद्याच्या अल्याड फोडणीचा वास, पल्याड कोऱ्या मांजरपाटाच्या खळीचा, मशीनच्या तेलाचा, आणि कोळशाच्या इस्त्रीखाली ओलं कापड चुरचुरताना उठणाऱ्या वाफेचा वास... दुपारी ऊन कलायला लागलं की दोन्हीकडचे वास त्या पडद्यापाशी एकमेकांत मिसळत आणि मी नेमकी तिथंच, उंबऱ्यावर, चिंध्यांची बाहुली करत बसलेली असायची. अण्णा लातूरला एका उस्तादाच्या हाताखाली शिकलेले. उस्ताद बोलताना छातीला 'सीना' म्हणायचे, पण टेप हातात घेतला की तेही इंग्रजीत शिरायचे. तीच सवय अण्णांना लागली. सातवीपर्यंतच शिकलेला हा माणूस गिऱ्हाइकाभोवती टेप फिरवताना मोठ्यानं, एखाद्या साहेबासारखा म्हणायचा — "शोल्डर... चेस्ट... वेस्ट..." आणि मला त्याचा केवढा अभिमान वाटायचा!

बायकांच्या अंगाला मात्र आमच्या दुकानात कधी टेप लागला नाही. बाई यायची ती पदरात गुंडाळून मापाचं जुनं झंपर घेऊन. अण्णा ते फळीवर पसरायचे, त्या झंपराचं माप घ्यायचे, आणि समोर बाई उभी असतानाही डोळे त्या कापडावरून वर उचलायचे नाहीत. झंपराला माप होतं, बाईला नव्हतं. हा रिवाजच होता आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. मायचं झंपरसुद्धा ते असंच मापाच्या झंपरावरून शिवायचे, स्वतःच्या बायकोचं!

आमच्याकडे शरीराच्या नावांचंही तसंच होतं. डोक्यापासून गळ्यापर्यंत सगळ्याला नावं होती आणि गुडघ्याखाली पुन्हा नावं सुरू व्हायची. मधला मुलूख बायकांपुरता बिननावाचा. पुरुषांना छाती होती. ते ती फुगवायचे, ठोकायचे, काढून चालायचे. कुस्तीच्या फडात तर नुसत्या छात्याच छात्या. बायकांना होता तो ऊर. तो भरून यायचा, दडपायचा, आणि कुणी गेलं की बडवून घ्यायचा. नाहीतर काळीज — ते तुटायचं, धडधडायचं, दगडाचं व्हायचं. तान्हं लेकरू 'अंगावर' प्यायचं. किती शब्द होते बघा... आणि इतक्या शब्दांत असा एकही नव्हता, की जो बाईनं चारचौघांत उच्चारावा आणि म्हणावं, इथं दुखतंय.

मी तेव्हा पाचवीत होते आणि त्याच वर्षी आमचं इंग्रजी सुरू झालं होतं. गुरुजी शरीराचे भाग शिकवायचे ते कवायतीसारखे. सगळा वर्ग उभा करायचा, त्यांनी शब्द म्हणायचा आणि आम्ही त्या त्या जागी हात ठेवून मोठ्यानं ओरडायचं. हेड! नेक! शोल्डर! इथवर सगळं झकास चालायचं. मग 'चेस्ट' यायचा आणि पोरांच्या रांगेत धडाधड हात आपटायचे, एखाददुसरा वात्रट तर बाजूच्याच्याही छातीवर गुद्दा हाणायचा. आणि आमची, पोरींची रांग खांद्यावरून थेट पोटावर उतरायची. मधला शब्द आम्ही गिळायचो. आम्हाला तसं कुणी सांगितलं नव्हतं. गुरुजींनीही ते पाहिलं असणारच, पण त्या शब्दाच्या वेळी त्यांना हटकून खिडकीबाहेरच्या लिंबाकडे बघायचं असायचं. बिचारे भले होते हो. त्यांच्याही घरी असाच पडदा असेल.

तर, माय. दिवाळी होऊन गेली होती, तुरीला फुलं धरली होती आणि सकाळी अंगावर काटा येईल अशी थंडी पडायला लागली होती. पिठाची बोटं मी तेव्हापासून बघत होते. एकदा दुपारी मी पडद्यापाशी बसलेली असताना माय आपलं हिरवं झंपर घेऊन दुकानात गेली आणि मशीनवर ते ठेवून म्हणाली, "डावीकडची शिवण जरा ढिली करून द्या."

अण्णांनी झंपर हातात घेतलं. "निस्ती डावी?"

"हाव."

ब्लेडनं अण्णांनी शिवण उसवली, आत दाबलेलं कापड मोकळं केलं, पुन्हा टीप मारली. मशीनचा तो टकटक आवाज मला अजून ऐकू येतो. उजवी बाजू होती तशी आणि डावी ढिली, असं झंपर आयुष्यभरात त्यांनी दुसऱ्या कुणाला करून दिलं नसेल. त्यांना प्रश्न पडला नसेल असं मी म्हणणार नाही. पण विचारायचं तर कुठला शब्द वापरून विचारायचं? म्हणून त्यांनी विचारलं नाही. शिवण तेवढी नीट, दुहेरी मारून दिली.

पुढे काही दिवसांनी मायला ताप आला तेव्हा ते तिला गावातल्या डॉक्टरकडे घेऊन गेले. मीही मायचा पदर धरून गेले. दवाखाना म्हणजे एक खोली. डॉक्टरांच्या टेबलापुढे हिरवा पडदा आणि पडद्याच्या बाहेर बाकड्यावर आमच्याच गल्लीतली माणसं, एकेकाचे कान टवकारलेले. डॉक्टरांनी आस्थेनं विचारलं, "काय होतंय बाई?"

मायनं पडद्याकडे पाहिलं, अण्णांकडे पाहिलं, आणि म्हणाली, "पाठ दुखायलीय."

आता पाठ दुखते म्हटल्यावर डॉक्टरांनी पाठीचंच औषध दिलं. त्यांचा काय दोष! तापाच्या गोळ्या, आणि चोळायला एक झणझणीत मलम. ते चोळायचं काम माझ्याकडे आलं. माय पालथी पडायची, मी तिच्या पाठीवर बसल्यासारखी ओणवी व्हायची आणि चोळत चोळत विचारायची, "हितं का?" ती म्हणायची, "हाव, तिथंच." मी मुद्दाम दुसरीकडे चोळायची. "हितं?" "हाव, तिथंच की." पाठभर फिरले तरी तिथंच! मलमाच्या वासानं डोळ्यांत पाणी यायचं... सगळंच पाणी मलमाचं नव्हतं.

शेवटी एकदा मी बोलले. "माय, तुझी पाठ न्हाई दुखायली. पीठ लागतंय ते पुढं लागतंय."

ती झटकन उठून बसली. तिचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. रागावली असती तर परवडलं असतं. ती घाबरली होती. माझा हात धरून तिनं तो स्वतःच्या गळ्यावर, मंगळसूत्राच्या वर, दाबला आणि म्हणाली, "कुणाफुडं बोललीस तर बघ. अण्णाफुडं बी न्हाई. माझ्या गळ्याची शपथ हाय तुला."

ज्यांना गळ्याची शपथ ठाऊक नाही त्यांना माझी त्या दिवसानंतरची अवस्था कळायची नाही. आमच्या गल्लीत पोरापोरांच्या शपथांचा एक सगळा कायदाच होता. विद्येची शपथ मोडली तर नापास, देवाची मोडली तर पायाला ठेच. पण गळ्याची मोडली तर ज्याचा गळा, ते माणूस जातं. सुटका एकच होती — ज्यानं घातली त्यानंच आपल्या तोंडानं 'सुटली' म्हणायचं. आणि माय काही 'सुटली' म्हणत नव्हती. मी दोनदा आडून विचारलं तर तिनं डोळे वटारले.

म्हणजे बघा कसं झालं. शेजारच्या आळीतली एक काकू अशीच पाठ-पाठ करत गेली होती. बायका आमच्या ओट्यावर बसून कुजबुजत, की तिच्या काखेत गाठ होती म्हणे, कुणाला बोलली नाही. ते मी ऐकलेलं. म्हणजे गप्प राहिले तर माय जाणार. आणि बोलले तर शपथ मोडून, माझ्यामुळे, माय जाणार! शाळेत माझं लक्ष लागेना. जेवताना घास फिरायला लागला. मायनं भाकरीचा तुकडा मोडून दिला की मी आधी तिचं झंपर बघायची... आणि बोटं तिथं असायचीच. मला तेव्हा इतकं एकटं वाटायचं, की तसं पुढे कधी, अण्णा गेले तेव्हासुद्धा वाटलं नाही.

मार्ग निघाला तो बाजाराच्या दिवशी. दुकानात लग्नसराईच्या कपड्यांची गर्दी होती. एका आडदांड नवरदेवाचं माप चाललेलं, आणि अण्णा टेप ताणून म्हणत होते, "शोल्डर... चेस्ट..." मी पडद्यापाशी उभी होते. आणि मला एकदम असं वाटलं, की अरे, हा शब्द तर अण्णा दिवसभर म्हणतात! रस्त्यावर दार उघडं टाकून म्हणतात. कुणी खाली मान घालत नाही, कुणी खिडकीबाहेर बघत नाही. मुरुडमध्ये असा एक शब्द होता, ज्याला लाज शिकवायची सगळे विसरले होते. आणि शपथ... शपथ मायनं मराठीत घातली होती. माझ्या दहा वर्षांच्या डोक्यानं तिथल्या तिथं निवाडा करून टाकला: गळ्याच्या शपथेला इंग्रजी कुठलं येतंय!

गिऱ्हाईक गेलं. अण्णा वाकून कापडावर खडूनं खूण करत होते. मी जवळ गेले.

"अण्णा," मी म्हणाले, "मायची चेस्ट दुखायलीय. पाठ न्हाई. चेस्ट. डावी."

खडू थांबला. अण्णा वाकलेलेच राहिले, वर बघेनात. मग त्यांचा हात हळूच गळ्यातल्या टेपकडे गेला, त्यांनी तो काढला, नीट गुंडाळला, खिशात ठेवला. "डावी," ते स्वतःशीच म्हणाले. त्यांना ती उसवलेली शिवण आठवली असणार, याची मला आज खात्री आहे. माझ्या डोक्यावर त्यांनी हात ठेवला तेव्हा माझ्या केसांत खडूची पांढरी भुकटी पडली. ऐन बाजाराच्या दिवशी, लग्नाची कापडं फळीवर तशीच टाकून, त्यांनी दुकानाच्या फळ्या लावल्या.

आत येऊन ते मायला एवढंच म्हणाले, "आगं, उद्या नांदेडला जाऊ. तुझ्या बहिणीकडं. तिकडं बाई डॉक्टर हाय."

मायनं चुलीपुढून मान वळवली आणि माझ्याकडे असं पाहिलं, की मी भिंतीला चिकटले. "बोललीस ना? शपथ घातली तरी बोललीस ना गं भवाने?"

"मी मराठीत न्हाई बोलले," मी रडत रडत म्हणाले. "इंग्रजीत बोलले. शपथ मराठीत व्हती!"

अण्णांच्या नाकातून हसू फुटलं, आणि त्यांना हसताना बघून मायही हसायला लागली, तोंडाला पदर लावून, खांदे हलवत. आणि हसता हसता कधी रडायला लागली ते तिलाही कळलं नसेल. अण्णा उभेच होते. जवळ जावं की नाही हे त्यांना उमगत नव्हतं. शेवटी त्यांनी तव्यावरची करपणारी भाकरी उलटली.

लातूरहून नांदेडला निघालेली ती एस.टी. मला अजून स्पष्ट दिसते. चाकूर, अहमदपूर, लोहा... खिडकीची काच लागत नव्हती, गार वारा कानात शिरत होता, दोन्हीकडे पिवळ्या फुलांची तूर डोलत होती आणि हरभऱ्याची आंबूस हवा येत होती. माय खिडकीशी, मी मध्ये, अण्णा कडेला. खड्डा आला की अण्णा हात पुढे करायचे, मायला धक्का लागू नये म्हणून, पण हात तिच्यापर्यंत पोचायच्या आधीच मागे घ्यायचे. मी डोळे मिटून मनातल्या मनात माझा निवाडा पुन्हा पुन्हा तपासत होते. इंग्रजीत बोललं तर चालतं ना? नक्की चालतं ना? आणि प्रत्येक वेळी उत्तर जरा कच्चं येत होतं.

नांदेडची मावशी जिभेची फटकळ. दारातच मायला म्हणाली, "पाठ दुखायलीय म्हणून येवढ्या लांब आलीस? मुरुडला पाठीचं औषध संपलं का?" आणि मग तिला मिठी मारून, पाठीवरून हात फिरवत उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी बाई डॉक्टरकडे गेलो. तिथं पडदा नव्हता, चांगलं लाकडी दार होतं, आणि ते लागलं की बाहेरचं काही ऐकू येत नव्हतं. अण्णा बाहेर बसले, मावशी आत आली. मायनं मला मात्र सोडलं नाही. माझं मनगट तिनं असं आवळून धरलं होतं, की बांगडीचा वळ उठला. डॉक्टरीणबाई आमच्याच भागातल्या, जाड चष्म्याच्या, पानासारख्या हिरव्या साडीतल्या.

"बोला, कुठं दुखायलंय?"

"पाठ..." माय सवयीनं म्हणाली आणि थांबली. माझ्याकडे पाहिलं. मग हात नुसता पदराशी नेऊन म्हणाली, "हितं."

"हितं म्हंजे कुठं? नाव घ्या की. नवऱ्याचं थोडंच घ्यायचंय?"

माय लाजून चूर. डॉक्टरीणबाई खुर्ची सरकवून पुढे झाल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "अवं बाई, मला बी हायत की. त्यात लपवायचं काय?"

मावशीला हसू आवरेना, मग मायलाही आवरेना. हसतानाच तिनं खांद्याची पिन काढली.

गाठ होती. काढावी लागेल, म्हणाल्या, आणि तपासायला पाठवावी लागेल. तपासून आल्याशिवाय बरी की वाईट ते सांगता येत नाही. बाहेर येऊन मावशीनं ते अण्णांना सांगितलं तेव्हा ते भिंतीला टेकले आणि इतकंच म्हणाले, "मला कळायला पायजे व्हतं. शिवण मीच उसवली."

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी मायला दवाखान्यातले कपडे घातले. मोठे, हिरवट, पाठीमागे नाड्या असलेले. फिनेलचा वास, कुणाच्या तरी डब्यातल्या वरणाचा वास, आणि मायच्या अंगाला नेहमीचा धुराचा वासच नाही... मला ती माझी माय वाटेना. मंगळसूत्र काढून मावशीच्या हातात दिलेलं. गळा मोकळा, उघडा. त्या गळ्याकडे बघताना माझा सगळा धीर सुटला. इंग्रजीची पळवाट, माझा निवाडा, सगळं ढासळलं. ढकलगाडी निघाली तशी मी धावले आणि गाडीची दांडी धरून ओरडले, "माय, सुटली म्हण! आधी सुटली म्हण!"

"काय म्हणायलीय ही?" परिचारिका वैतागली.

पण मायला कळलं. तिनं हात बाहेर काढला, माझा हात धरून आपल्या उघड्या गळ्यावर ठेवला. तिथं काहीतरी भराभरा उडत होतं, चिमणीच्या पिलासारखं. "सुटली," ती म्हणाली. "सुटली गं माझी माय. आता कुणाला बी सांग. समद्या मुरुडला सांग."

दार मिटलं. मी तिथंच फरशीवर बसले आणि किती तरी दिवसांनी मला पोटभर श्वास घेता आला.

गाठ साधी निघाली. तपासणीचा निकाल यायला काही दिवस गेले, ते दिवस मावशीच्या घरी कसे काढले ते आम्हालाच माहीत. पण निघाली साधीच. डॉक्टरीणबाईंनी "घरी जा, भाकरी करा" म्हटलं, तेव्हा अण्णा त्यांच्यापुढे हात जोडून उभे राहिले. त्या दिवशी आम्ही गोदावरीच्या घाटावर गेलो. ऊन कोवळं होतं, पाण्यावर कावळे उतरत होते, मावशीनं बांधून दिलेल्या धपाट्यांना दह्याचा आंबट वास सुटला होता. मायनं एकामागून एक धपाटी खाल्ली, बोटं चाटली, आणि म्हणाली, "लई दिवसांनी चव लागायलीय." अण्णा तिच्याकडे बघत बसले. आपल्या बायकोकडे असं, कापडावरून डोळे उचलून, बघताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं.

जखम भरेपर्यंत तिला नेहमीचं झंपर चालणार नव्हतं. अण्णांनी मऊ, धुतलेलं सुती कापड आणलं आणि मावशीच्या शेजारणीच्या मशीनवर पुढून उघडणारं, सैल झंपर शिवायला घेतलं. मापाचं झंपर मुरुडला राहिलं होतं. खिशातून टेप काढून ते जरा वेळ दारातच घुटमळले. मग मायच म्हणाली, "या की. टेप चावतोय व्हय?" मावशीनं मला चहा आणायच्या निमित्तानं बाहेर पिटाळलं, पुढचं मी पाहिलं नाही. पण त्या झंपराची एक शिवणही पुन्हा उसवावी लागली नाही.

पुढे कॉलेजसाठी लातूरला आले तेव्हा वाचनालयात एक जाडजूड इंग्रजी-मराठी शब्दकोश हाताला लागला. मी पहिला शब्द काढला तो 'चेस्ट'. छाती, ऊर, वक्ष, वक्षःस्थळ, उरोभाग... पुढे पेटी, संदूक, असेही अर्थ होते, मग त्याचे भाऊबंद इंग्रजी शब्द, आणि त्यांचे आणखी भाऊबंद. किती श्रीमंती! मी बोट फिरवत वाचत गेले आणि मला मायची पाठ आठवली, मलमाचा वास आठवला. घरात एवढे शब्द भरून ठेवलेले असताना आमच्या मायला एकही सापडू नये, म्हणून मला तिथं बसल्या बसल्या संताप आला. आज मी शाळेत इंग्रजी शिकवते. ती कवायत माझ्या वर्गातही होते. पोरींची रांग खांद्यावरून पोटावर उतरायला लागली की मी थांबवते आणि म्हणते, "परत. वरून." खिडकीबाहेर मी बघत नाही.

अण्णा जाऊन आता काही वर्षं झाली. त्यांचं मशीन आमच्या बाहेरच्या खोलीत आहे, वर टेप गुंडाळून ठेवलेला. त्याचे आकडे पुसले गेले आहेत. माय त्या मशीनशेजारीच बसते. तिथं बसलं की तिला येणारं-जाणारं सगळं दिसतं.

गेल्या आठवड्यात शेजारची सून, पल्लवी, तिथं आली होती. पहिलटकरीण, लेकरू अजून अंगावर पिणारं. पुढचं सांगण्याआधी हे सांगते, की तिची दुधाची गाठ होती आणि औषधानं ती बसली. तुम्ही निवांत ऐका. तर ती आली, मायजवळ बसली, इकडचं-तिकडचं बोलली आणि मग म्हणाली, "काकू, पाठ लई दुखायलीय बघा."

मायनं लसणाची पाकळी खाली ठेवली. पल्लवीचा हात कुठं आहे ते तिनं बघितलं.

"पाठ पुढून दुखायलीय का गं?"

पल्लवीचा चेहरा उतरला. डोळे भरून आले. "घरात सांगू नका, काकू," ती पुटपुटली. "माझ्या गळ्याची शपथ हाय तुम्हाला."

मी लिहिता लिहिता थांबले. मायनं आपला लसणाच्या वासाचा हात त्या पोरीच्या गळ्यावर ठेवला.

"आधी 'सुटली' म्हण," माय म्हणाली.

"काकू..."

"म्हण."

"सुटली."

"हां. आता नीट सांग, कुठं दुखायलंय?"

पल्लवीनं उघड्या दाराकडे पाहिलं. रस्त्यावरून कुणीतरी चाललं होतं. माय दार लावायला उठली नाही.

"छातीत," पल्लवी म्हणाली.

मायनं मांडीवरची सालं झटकली, पायात चपला सरकवल्या आणि मला म्हणाली, "लिव्हणं ठिव. रिक्षा बोलव."